ब्रिटनच्या एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये फुल पॅनेल कसं मागायचं

मिरज-सांगलीतनं नर्स म्हणून ब्रिटनला गेलेल्या पोरींसाठी लिहितोय. तिथं एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टात, फुल पॅनेल असलं की जजसोबत दोन मेंबर बसतात, एकाला मालकाच्या बाजूचा अनुभव, दुसऱ्याला कामगारांच्या, आणि तिघांच्या मताला वजन सारखंच, म्हणजे दोघं मिळून जजच्या विरुद्ध निकाल देऊ शकतात बरं का! २०१२ पासून नुसतं कामावरनं काढल्याच्या केसला बहुतेक वेळा जज एकटाच बसतो, म्हणून पॅनेल हवं तर कारणासकट लेखी मागा. मागाच, कारण ड्युटीचा रोटा, हँडओव्हर, वरिष्ठांची बोलणी हे नोकरीचा अनुभव असलेल्या त्या मेंबरांना पटकन कळतं. त्यांच्यापुढं कायदा झाडू नका, कुठल्या शिफ्टला काय झालं ते तारखेनं सांगा. पण आधी एकॅसला, म्हणजे नोकरीच्या तंट्यात तडजोड करून देणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवायचं, त्याशिवाय बहुतेक केस दाखलच होत नाहीत.