पूरबोटीवरचे एलईडी दिवे: ओल कुठून शिरते आणि ती कशी अडवायची

बंद पडलेला बोटीचा एलईडी दिवा उघडून बघा. आतल्या साध्या पांढऱ्या एलईडीला दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडून लावले, तर ती मंद का होईना, पेटते. म्हणजे एलईडी शाबूत आहे. तिच्यापर्यंत आलेली लाल वायर सोलली की मात्र तांब्याच्या जागी हिरवट-काळी भुकटी निघते आणि बोटाने जरा वाकवली की तार तुटते. शेजारची काळी वायर त्यामानाने बरी असते. डीसी पुरवठ्यात ओलीतून दोन वायरींमध्ये बारीक प्रवाह वाहत राहतो आणि त्यात विरघळते ते पॉझिटिव्ह बाजूचे तांबे. बटण निगेटिव्हला बसवले असेल तर दिवा बंद असतानाही पॉझिटिव्ह वायर बॅटरीला जोडलेलीच राहते आणि ओल मिळाली की झीज चालू होते. म्हणून बटण कायम पॉझिटिव्हवर घ्या.

कोल्हापूरकडे या दिव्यांची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाले, की चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत बोटी बाहेर निघतात. तोवर त्या ताडपत्रीखाली पडून असतात. त्या पडून असण्यातच निम्मे नुकसान होते, कारण ताडपत्रीखालची हवा पावसाळ्यानंतर कित्येक आठवडे दमट राहते आणि मागच्या पुराचा गाळ जोडांना चिकटून ओल धरून बसतो. दिव्यांचे काम काढायचे ते एप्रिल-मेमध्ये. पाणी दारात आल्यावर सिलिकॉन मारायला बसू नका, ओल्या पृष्ठभागावर ते धरत नाही.

दिवा श्वास घेतो

डब्यावर आयपी ६७ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की नवा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तर आत अपायकारक इतके पाणी जात नाही. पण बोटीवर दिवा आधी तापतो आणि मग त्यावर गार पाणी उडते. हिशेब करून बघा. दिव्यात २०० मिलिलिटर हवा आहे आणि ती २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेली. हवा सुमारे १३ टक्के फुगते, म्हणजे २६-२७ मिलिलिटर हवा रबराच्या फटीतून हळूहळू बाहेर पडते. मग लाट आली, दिवा गार झाला आणि तेवढीच जागा आत रिकामी झाली. ही ओढ मीटरभर पाण्याखाली दिवा बुडवल्याच्या दाबापेक्षाही थोडी जास्त भरते. फटीवर त्या वेळी हवा असेल तर दमट हवा आत जाते, पाणी असेल तर पाणीच. रोज रात्री हे होत राहिले की महिन्याभरात काचेला आतून धुके धरते.

याला दोनच उपाय आहेत. एक तर आत पोकळी असलेला दिवा घ्यायचाच नाही. सर्किट पूर्ण पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सीत, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या रसायनात, बंद केलेला दिवा घ्या. तो दुरुस्त होत नाही हे खरे, पण बोटीसाठी आमची पसंती त्यालाच. नाहीतर हवेला येण्याजाण्याची रीतसर वाट द्या. पाठीमागे बारीक पडद्याची हवा-झडप, म्हणजे ब्रीदर, असलेले दिवे मिळतात. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. हे भोक चुकून सिलिकॉनने बुजवले की दिवा पुन्हा रबरातूनच श्वास घ्यायला लागतो. ‘जास्तीचे सील’ म्हणून भोक बुजवणारे बरेच असतात.

पाणी वायरीतून चालत येते

काच, रबर, स्क्रू सगळे ठीक असून दिव्यात पाणी सापडले, तर वायरीवर संशय घ्या. बहुतारी वायरीत तारांमधल्या फटी म्हणजे वातीसारख्या. दूरचे टोक ओले झाले की पाणी इन्सुलेशनच्या आतून दिव्यापर्यंत सरकते, आणि वर सांगितलेली ओढ त्याला हातभार लावते. बाहेरून कितीही सिलिकॉन थापा, ही वाट बंद होत नाही.

ती अशी बंद करा. दिव्यापासून चार बोटांवर, जिथे वायर हलणार-वाकणार नाही अशा जागी, प्रत्येक वायरीचे इन्सुलेशन १० मिलिमीटर सोला. वायर तोडायची नाही. उघड्या तारांत सोल्डर पूर्ण मुरू द्या, म्हणजे तारांमधल्या फटी भरतात. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, ४० मिलिमीटर लांब घाला. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर गोंद वितळलेलाच नाही, पुन्हा गरम करा. गोंद नसलेली साधी स्लीव्ह इथे काहीच कामाची नाही. सोल्डरचा भाग कडक होतो आणि कंपनाने त्याच्या कडेला तार तुटते, म्हणून दोन्ही बाजूंना क्लिप मारून तो पक्का बांधा.

बाकी सगळे जोड क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, सोल्डर नको. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, मुलाम्याच्याच थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या टोप्या), वर गोंदाची स्लीव्ह. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड बोटीवर ठेवूच नका. टेपचा चिकटा सुटतो आणि आत साचलेले पाणी बाहेर पडायलाही वाट उरत नाही.

दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकते, ग्लँडपर्यंत, म्हणजे वायर दिव्यात शिरते तिथल्या रबराच्या आवळ बुचापर्यंत, चढत नाही. ग्लँडचे तोंड खाली किंवा मागे ठेवा. ग्लँडचे रबर गोल वायरीसाठी असते. दोन सुट्या किंवा चपटी वायर त्यातून घातली की बाजूला फट राहतेच, मग ग्लँड कितीही आवळा.

सिलिकॉन वापरायचे तर ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेले घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि ते तांबे खाते. न्यूट्रल सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होते, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत वेळ लागतो. २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर धरून चाला.

व्होल्टेजची चूक ओलीवर ढकलली जाते

स्वस्त बारा व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून सुमारे ९.६ व्होल्ट घेतात. रेझिस्टर १५० ओहमचा असेल तर १२ व्होल्टवर त्याच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात आणि १६ मिलिअँपिअर प्रवाह जातो. इंजिनाचे चार्जिंग सुरू झाले, बॅटरीवर १४.४ व्होल्ट आले, की रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट पडतात. प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि रेझिस्टरमधली उष्णता चौपटीच्या घरात जाते. पट्टीवरचे मऊ सिलिकॉन सुटते, मग ओल शिरते, आणि दोष पाण्याला लागतो. ९ ते ३० व्होल्ट चालणारा, आत स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज बदलले तरी प्रवाह तेवढाच ठेवणारे सर्किट, असलेला दिवाच घ्या. बोटीवर वायरलेस असेल तर दिवा लावून आणि बंद करून खरखर ऐका. ड्रायव्हर हलका असला की दिवा लावताच आवाज घाण होतो.

एलईडीच पिवळी-काळी पडली असेल तर कारण वेगळे. चिपखालचा चांदीचा मुलामा गंधकाच्या वायूने काळवंडतो. कुजलेली जलपर्णी, सांडपाणी आणि गंधक घालून केलेले स्वस्त रबर यांतून तो वायू येतो. गॅस्केट सिलिकॉन रबराचे असावे ते यासाठी.

बसवताना

दोरीने सुरू होणारे इंजिन असलेल्या लहान बोटीला दिव्यांसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. १० वॅटचा समोरचा दिवा आणि ३ वॅटचे खुणेचे दिवे मिळून जेमतेम १.१ अँपिअर होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तर तीन तास मिळतात. वायर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज ३ अँपिअरचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वितीच्या आत. फ्यूजची जागा दिव्याजवळ ठेवली तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहते.

डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा, मागे पांढरा. पांढऱ्या एलईडीवर लाल प्लास्टिक लावून भागवू नका. तिच्यात लाल रंगच कमी असतो, दिवा अगदीच मंद दिसतो. समोरचा दिवा नाकाच्या टोकाला आणि खाली बसवा, नाहीतर पावसाच्या धारांवर उजेड परतून चालवणाऱ्याच्या डोळ्यात येतो. ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, ॲल्युमिनियमचे करून घेता येते. फक्त स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर आणि थोडे ग्रीस हवे. ओल मिळाली की त्या दोन धातूंत ॲल्युमिनियम झिजते.

बसवण्याआधी बादलीची चाचणी घ्या. दिवा एक तास चालू ठेवा, बंद करून तसाच गरम गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा. मग पुसून दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. काचेला आतून धुके धरले तर तो दिवा परत द्या. बसवल्यावर दिवा चालू ठेवून बॅटरीवरचे आणि दिव्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. पाच मीटर वायरीत या भाराला फरक ०.१५ व्होल्टच्या आसपास यावा. अर्धा व्होल्ट आला तर एखादा जोड सडतो आहे. एकेक जोडाच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावत गेले की तो गावतोच.

पूर ओसरल्यावर

बॅटरी सोडवा आणि सगळे जोड साध्या पाण्याने धुऊन गाळ काढा. कनेक्टर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सावलीत दोन दिवस वाळवा, मग पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचे बोट लावा. दिव्याची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. इंजिनाजवळ पडलेल्या पेट्रोलच्या बोळ्याने ती पुसली तर बारीक तडे जातात आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत येते. साबणाचे पाणी पुरते.

बॅटरी बोटीत ठेवू नका. ताडपत्री तळापर्यंत घट्ट न बांधता दोन्ही टोकांना हातभर उघडी सोडा. महिन्यातून एकदा दिवे दहा मिनिटे लावा आणि व्होल्टेजमधला फरक बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर मार्करने तारखेसह लिहा. आकडा वाढू लागला की कोणता जोड उघडायचा ते मे महिन्यातच कळते.