वस्तीच्या कामात जीव रमवायचा असेल तर
मी नागपुरात, मानेवाड्यात राहते. गल्लीची कामं घेऊन महापालिकेच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढते, त्याला १२ वर्षं झाली. बायका विचारतात, "ताई, कंटाळा नाही येत काय?" नाही येत. तुम्हालाही गोडी लागावी, म्हणून सांगते.

एकच काम धरा. सगळी वस्ती सुधारायला निघाल तर महिनाभरात थकाल. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. मी खांबावरचा नंबर वहीत उतरवला, दोन प्रतींत अर्ज लिहिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, मारून घेतला. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडूच नका, पुढे तोच कामी येतो.

उत्तर आलं नाही. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला; सरकारी नोंदी मागायचा हा २००५ चा कायदा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. "दिवा का लागला नाही" असं विचारू नका. "अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी" असं मागा.

दिवा लागला त्या संध्याकाळी समोरच्या आजी पाट घेऊन बाहेर आल्या, उजेडात मेथी निवडत बसल्या. मी त्या खांबाखालून उगाच दोन चकरा मारल्या.

एकट्या जाऊ नका. शेजारीण सोबत घ्या, परतताना तर्री-पोहे खा. आणि हिवाळी अधिवेशनात आमदारांकडून पास मिळाला तर विधान भवनातला प्रश्नोत्तराचा तास ऐकाच. आपल्या खांबासारखेच प्रश्न तिथेही निघतात.