खरूज परत-परत येते? या चुका टाळा

खाजवतोय त्यालाच मलम लावायचं, ही सगळ्यात मोठी चूक. सोलापुरात यंत्रमागाच्या वस्त्यांत एका खोलीत सहा-सात माणसं, थंडीत एका चादरीखाली तिघं. तिथे खरूज एकट्याची नसतेच. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर तो माणूस ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्यांना देत राहतो.

एका वसतिगृहात अधीक्षकांनी खाजवणारी पोरं वेगळी काढली, त्यांनाच पर्मेथ्रिन, म्हणजे खरजेचे किडे मारणारं मलम, लावलं. ‘‘बाकीच्यांना काय झालंय मॅडम? उगं ट्यूबा वाया.’’ पुढच्या महिन्यात तेच बाकीचे खाजवायला लागले, आणि त्यांच्याकडून बरी झालेली पोरं पुन्हा. स्वयंपाकाच्या मावशी तर कुणाच्या यादीतच नव्हत्या! शेवटी एका शनिवारी रात्री पोरं, मावशी, वॉचमन, अधीक्षक आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांना एकदम मलम. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग थांबली. मी आता यादी पुरी झाल्याशिवाय औषधाची पेटीच उघडत नाही.

मलम फोडांवर टिकल्यासारखं लावू नका. गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, जांघेत. रात्रभर ठेवायचं, आठ तास तरी. मध्ये हात धुतले तर हातांना परत. तान्ह्या बाळाचं डॉक्टरांना विचारूनच.

मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. तिच्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज दबते, किडे मजेत वाढतात, पुरळाचं रूप असं बदलतं की डॉक्टरही चकतो. वीस रुपये वाचवायला गेलेला माणूस सगळ्या घराला खाजवायला लावतो.

गोधड्या उकळा म्हणून सांगणाऱ्यानं आधी त्या गल्लीत पाण्याचा वार कोणता ते विचारावं. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही. धुणं जमत नसेल तर कपडे-अंथरूण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवा.

खरजेवरच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या गरोदर बाईला आणि पंधरा किलोंखालच्या मुलाला नकोत. इतरांनाही एका डोसवर भागत नाही.

पू धरलेले फोड अंगावर काढू नका. त्यातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. पोराचं तोंड सुजलं, लघवी लालसर झाली तर थेट दवाखाना.

आणि तिसऱ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणत रोज मलम चोपडणारे उतावीळ. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. महिन्यानंतरही नवे फोड येत असतील तर घरातलं कोण सुटलंय ते शोधा.