फिरतीवरच्या जेवणाची तयारी, आणि खिशातील एक डबी

पतसंस्थांचे हिशेब तपासण्यासाठी मला महिन्यातील दहा-बारा दिवस बेळगावबाहेर काढावे लागतात. कधी हुक्केरी-चिक्कोडी, कधी निपाणी, कधी बैलहोंगल. मला मधुमेह आहे आणि सकाळच्या न्याहारीबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घ्यावी लागते. मागच्या वर्षी अथणीच्या फेरीत दुपारी एकचे जेवण लांबत लांबत पावणेचार वाजले आणि काम चालू असतानाच मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले व समोरच्या वहीतील आकडे एकमेकांत मिसळून गेले. साखर उतरली होती. त्यावरचा उपाय मी घरून नीट बांधून नेला होता, पण तो लॉजवरच्या बॅगेत होता. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी काय काय पाहतो, ते येथे लिहितो.

कपडे, औषधे, पाण्याची बाटली यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा: जेवण दोन-तीन तास लांबले, तर माझ्या गोळीचे काय करायचे? मेटफॉर्मिन एकटे चालू असेल तर साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा जात नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे तसे नाही, कारण पोटात अन्न असो वा नसो, त्यांचे काम चालूच राहते. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नये. मी आठ वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

आता डबी. झाकण घट्ट बसणारी, खिशात मावेल एवढी लहान डबी घ्यावी. तिच्यात साखरेच्या किंवा ग्लुकोज पावडरच्या, प्रत्येकी तीन लहान चमच्यांच्या, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवाव्यात आणि उरलेल्या जागेत फुटाणे भरावेत. या दोहोंची कामे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. जेवणाला उशीर होणार असे दिसताच मूठभर फुटाणे खावेत, म्हणजे साखर उतरण्याची वेळ बहुधा येत नाही. पण एकदा घाम आणि थरथर सुरू झाली, किंवा ग्लुकोमीटरवर ७० च्या खालचा आकडा आला, की फुटाण्यांचा उपयोग नाही, कारण ते पचायला वेळ लागतो. तेव्हा साखरच पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, आकडा वर आला नसेल तर दुसरी पुडी घ्यावी आणि बरे वाटताच लगेच जेवावे. त्या दिवशी भोवतालच्या मंडळींनी मोठ्या मायेने माझ्यासमोर कुंदा आणून ठेवला होता. गोड असला तरी त्यात खव्याचा स्निग्धांश असतो आणि त्यामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. साध्या साखरेच्या पाण्याने मला लवकर सावरले असते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. सोबतच्या सहकाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावे.

डबी अंगावर असली पाहिजे. लॉजवरच्या बॅगेत, गाडीच्या डिकीत किंवा शेजारच्या खोलीत ठेवलेल्या पिशवीत असलेली डबी म्हणजे नसलेलीच डबी. गाडी डिझेल भरायला जाते, लॉजची किल्ली दुसऱ्याकडे राहते, आणि साखर उतरल्यावर जिना चढून जाण्याची ताकद उरत नाही. डबी शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवावी.

जेवणाच्या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. लिंगायत खानावळीत ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पालेभाजी, कच्ची काकडी, कांदा, मेथीची पाने आणि ताक एवढे एका ताटात मिळते, आणि मधुमेह्याने यापेक्षा वेगळे काही शोधत फिरण्याचे कारण नाही. अडचण वेळेची आहे. अडीचनंतर भाकऱ्या संपत येतात आणि मग भात व पातळ सार एवढेच उरते, म्हणून सकाळी काम सुरू करतानाच यजमानांना सांगावे की मी एक वाजता उठणार आहे. हे सांगण्याचा मला पूर्वी संकोच वाटे, आता वाटत नाही. वाढणाऱ्याला कन्नडमध्ये ‘अन्ना बेडा’ (भात नको) म्हटले की तो भाताऐवजी आणखी एक भाकरी आणतो, पण दोन पुरेत. एण्णेगायीतील, म्हणजे तेलातल्या भरल्या वांग्याच्या भाजीतील, वांगे घ्यावे, तेल ताटातच राहू द्यावे. शेंगा चटणी, लोणचे आणि रंजका (लाल मिरचीचा ठेचा) यांत मीठ पुष्कळ असते. दिवसाकाठी एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे असा सल्ला दिला जातो, तेव्हा तिन्हींपैकी एकच निवडावे. निपाणीच्या बाजूला मांसाहारी ताट घेतलेच, तर मटणाचे तुकडे खावेत आणि तांबड्या रश्श्याची वाटी दुसऱ्यांदा भरून घेऊ नये.

चहाचा प्रश्न यजमानांच्या आग्रहामुळे बिकट होतो. चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर ती ३० ग्रॅमच्या वर जाते. पहिल्या कपालाच ‘सक्करे बेडा’ (साखर नको) म्हणावे. दुसऱ्या कपाला सांगितले तर यजमानांना वाटते की पहिला आवडला नाही. खिशात साखर बाळगणारा माणूस चहात साखर का घेत नाही, असे मला एकाने विचारले होते. खिशातील साखर औषध म्हणून आहे, ती एरवी काढायची नाही.

न्याहारीला इडली-सांबार किंवा उप्पीट घ्यावे, पुरी आणि वडा टाळावा. संध्याकाळी चुरमुऱ्यांचे गिरमिट घेतले तर सोबतची मिरची भजी नको. रात्रीचे जेवण साडेआठच्या आत, दुपारपेक्षा हलके. गोकाकची करदंट ही गूळ-सुकामेव्याची मिठाई घरच्यांसाठी घ्यावी, वाटेत उघडू नये.

परतल्यावर बॅग दुसऱ्या दिवशी रिकामी केली तरी चालेल. डबी मात्र त्याच रात्री उघडावी, मऊ पडलेले फुटाणे बदलावेत, वापरलेल्या पुड्यांच्या जागी नव्या ठेवाव्यात आणि ती सकाळी घालायच्या पँटच्या खिशात घालून ठेवावी.