हंगेरीचे किल्ले बघायला जाताय? आधी वार बघा

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, विमा, दोन गोल पिनांचा प्लग हे सगळं तुम्ही घ्यालच, त्यावर वेळ घालवत नाही. यादीत सगळ्यात वर लिहायचा तो सोमवार. हंगेरीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि किल्ल्यांमधली संग्रहालयंही त्यात आली. मागच्या वेळी मी नेमकं हेच बघितलं नाही. शनिवार-रविवार बुडापेस्ट आणि जोडून घेतलेल्या सोमवारी एगर, म्हणजे किल्ल्याचं गाव, असा बेत कागदावर इतका सोयीचा दिसतो की कुणीही तसाच आखेल. तो उलटा करा. शनिवारी नाहीतर रविवारी एगर, सोमवारी बुडापेस्ट.

सोमवारी किल्ल्याच्या आवारात तरी सोडतात ना, मग काय बिघडलं, असं म्हणू नका. आपल्याला सह्याद्रीतले किल्ले बघायची सवय. तटावरून फिरलं, बुरूज पाहिले की किल्ला पाहून झाला. तिकडे तसं नाही. एगरला १५५२ साली किल्लेदार दोबो इश्तवाननं जेमतेम दोन हजार माणसांनिशी वेढा घालणाऱ्या उस्मानी, म्हणजे तुर्की फौजेला महिन्याहून जास्त थोपवून धरलं. १५९६ मध्ये मात्र किल्ला पडला, १६८७ पर्यंत तुर्कांकडे राहिला, आणि १७०२ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यानं त्याचा बाहेरचा भाग सुरुंग लावून उडवून दिला. म्हणजे वर आज दिसतात ते उरलेले तट, हिरवळ आणि शहराचा देखावा. वेढा कळतो तो बिशपच्या जुन्या गॉथिक वाड्यातल्या संग्रहालयात आणि तटाच्या पोटातल्या कॅसमेटमध्ये, म्हणजे भुयारी दालनांमध्ये. आवाराचं तिकीट आणि प्रदर्शनांचं तिकीट वेगळं असू शकतं, खिडकीवर विचारून घ्या. कॅसमेटमध्ये उन्हाळ्यातही गारवा असतो, अंगावर काहीतरी असू द्या. याच वेढ्यावर कादंबरी लिहिणाऱ्या गार्दोन्यी गेझाची कबर किल्ल्यातच आहे. त्यावर 'फक्त त्याचा देह' एवढंच कोरलंय. तिथे थोडं थांबा.

डॅन्यूब नदीकाठच्या विशेग्रादला तर सोमवार आणखी महाग पडतो. तिथला राजवाडा शेकडो वर्षं मातीखाली गाडलेला होता, १९३४ पासून तो खणून काढला. लाल संगमरवरी कारंजी, पंधराव्या शतकातल्या मात्याश राजाच्या काळातलं अंगण, हे सगळं संग्रहालयाच्या दाराआड, आणि ते दार सोमवारी बंद. वर डोंगरावरचा गड वनखात्याच्या कंपनीकडे आहे, त्याच्या वेळा वेगळ्या. म्हणजे एकाच गावात दोन वेळापत्रकं, दोन्ही बघा. बुडापेस्टच्या न्युगाती स्टेशनवरून गाडी घ्याल तर ती नॉद्यमारोशला, म्हणजे डॅन्यूबच्या पलीकडच्या काठाला सोडते, आणि तिथून फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या बघा, जेवून झाल्यावर नाही. गडाची चढण खरी चढण आहे, चपला चालणार नाहीत.

एस्तरगोम गावाची भव्य बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, बघून लोक परत फिरतात. शेजारच्या राजवाड्यातली भित्तिचित्रं बघितल्याशिवाय येऊ नका, आणि ती बघायची तर पुन्हा तेच: सोमवार नको. फलकावर 'हेत्फ्यो' (hétfő) म्हणजे सोमवार आणि 'झार्वा' (zárva) म्हणजे बंद, हे दोन शब्द डोक्यात ठेवा.

मग सोमवारी करायचं काय? गरम पाण्याच्या झऱ्यांवरचे हमाम, संसदभवन (तिकीट आधी काढा, ऐन वेळी मिळेलच असं नाही), नदीकाठ. बुडापेस्टमध्ये सोमवार घालवायला पुष्कळ आहे, एगरमध्ये नाही.

हिवाळ्यात वेळा आखूड होतात. तिकीट खिडकी किल्ला बंद व्हायच्या बरीच आधी बंद होते, त्यामुळे दुपारी उशिरा पोचून उपयोग नाही. एगरला बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून थेट गाडी आहे, साधारण दोन तास लागतात, सकाळचीच धरा. एगरचा मिनार चाळीस मीटर उंच आहे. आतला जिना गोल आणि फार अरुंद, पायऱ्या ९७. कोंदट जागेचा त्रास असेल तर खालूनच बघा.

पैसे: फोरिंट. युरोवर विसंबू नका, फेरीबोटीसाठी थोडी रोकड ठेवा.

खाणं: शाकाहारी असाल तर लांगोश (तळलेली जाड पोळी) आणि तळलेलं चीज. तुरोश चुसा नुसतं चीज-नूडल वाटतं, पण वर बहुतेकदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. विचारा.

लांबचे किल्ले जमले तर: सिगेतवार (१५६६, वेढा चालू असतानाच उस्मानी सुलतान सुलेमान तिथे वारला), क्योसेग (१५३२, त्याच सुलेमानाला अडवलं होतं, त्या आठवणीत तिथे आजही सकाळी अकराला घंटा वाजतात), विटांचं ग्युला, शारोशपातक. एका दिवसात दोन धरू नका, रेल्वेच्या जोडगाड्या तशा नाहीत. वेळा त्या त्या किल्ल्याच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री बघा, आणि जाण्याचा दिवस मंगळवार ते रविवारातलाच धरा.