हंगामाआधी करून ठेवा: सॉफ्टवेअरमध्ये कुणाला किती परवानगी

दसऱ्याच्या सुमारास लातूर भागात सोयाबीनची आवक वाढते, आणि आडतीवर, मिलमध्ये हंगामापुरती माणसं लागतात. मी पाहिलेल्या एका मिलमध्ये त्या घाईत ॲडमिनचा, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेल्या खात्याचा, पासवर्ड कागदावर लिहून काट्याजवळच्या भिंतीला चिकटवला होता. पुढं एका पावतीवरचं वजन नंतर बदललेलं निघालं. नोंदीत नाव एकच: ॲडमिन. आळ आला काट्यावरच्या पोरावर. त्यानं ते केलं की नाही, हे आजही कुणाला सांगता येत नाही. परवानग्या नीट लावायच्या त्या मालकाच्या पैशासाठी, आणि तितक्याच नोकराच्या अब्रूसाठी.

पहिलं काम कागदावरचं. मालाची वाट लिहून काढा: गेट, काटा, ओलावा तपासणी, भाव, हिशोबपट्टी, मंजुरी, पैसे. प्रत्येक टप्प्यापुढं चार प्रश्न: हे कोण बघणार, कोण भरणार, कोण बदलणार, कोण मंजूर करणार? चारही उत्तरं एकाच माणसाची आली, तर तिथं धोका आहे.

मग सॉफ्टवेअरमध्ये ‘रोल’ तयार करा, म्हणजे एकेका कामाला लागणाऱ्या परवानग्यांचा एकेक गट. रोलला माणसाचं नाव देऊ नका, कामाचं द्या: काटा, तपासणी, मुनीम, मंजुरी. मुनीम बदलला तर नव्याला त्या रोलमध्ये बसवलं की झालं. अमेरिकेत फेराइओलो आणि कून या दोघांनी १९९२ मध्ये ही पद्धत नीट मांडली. लॉगिन मात्र प्रत्येकाचं वेगळंच हवं. मालकानंही रोजच्या कामाला ॲडमिन वापरू नये.

प्रत्येक रोलची सुरुवात शून्यापासून करा आणि ज्यावाचून काम अडेल तेवढंच उघडा. काट्यावरच्या माणसाला शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक दिसायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी करणारा आणि पैसे सोडणारा, हे दोघं वेगळे हवेत. खाते क्रमांक बदलणाऱ्याच्या हातातही पैसे सोडणं नको. ‘आमच्याकडं माणसंच दोन’ असं लोक म्हणतात. मग रकमेची मर्यादा घाला. त्यावरचं पेमेंट मालकाच्या मंजुरीशिवाय पुढं सरकू नये. मंजूर झालेली पट्टी कुलूपबंद करा. चूक निघालीच तर कारण लिहून वेगळी दुरुस्ती नोंद करायची, जुना आकडा पुसायचा नाही. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये. भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही, पण सोय असेल तर चालूच ठेवा.

सगळं लावून झालं की स्वतः ‘काटा’ म्हणून लॉगिन करा आणि भाव बदलून बघा. रिपोर्टही उघडून बघा. पडद्यावर लपवलेली माहिती एक्सेलमध्ये सरळ उतरते, असं पुष्कळदा होतं. मोबाइल ॲपही तपासा, तिथल्या परवानग्या कधी कधी वेगळ्या असतात.

हंगामी माणसाचं खातं उघडतानाच त्यावर शेवटची तारीख टाका. माणूस काम सोडून गेला, की त्याच संध्याकाळी खातं निष्क्रिय करा. डिलीट करू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यासोबत जुन्या पावत्यांवरचं नावही जातं.