सॉल्टन समुद्राला गाडीने जायचं असेल तर

सॅन दिएगोहून किंवा लॉस एंजेलिसहून सॉल्टन समुद्र, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातलं मोठं खारं तळं, एका दिवसात बघून होतो. पण दिवस ठरवताना सुट्टीआधी वारा बघा. आदल्या रात्री तिथल्या इम्पीरियल काउंटीचा हवेचा अंदाज उघडा आणि सोसाट्याचा वारा सुटणार असेल तर बेत सरळ रद्द करा. तळं आटतंय. उघड्या पडलेल्या तळाची बारीक धूळ उडते आणि तिच्यात शेतांतून वाहून आलेली कीटकनाशकं, सेलेनियम, आर्सेनिक असतं. माझ्या धाकट्याला दमा आहे, त्यामुळे याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. मास्क तर घ्याच.

नोव्हेंबर ते मार्च हेच महिने बरे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, शिवाय तळाशी साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू वर आला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो लॉस एंजेलिसपर्यंत पोचला होता.

तळ्याच्या उत्तरेला इंडिओ शहरात टाकी पूर्ण भरा, भरपूर पाणी घ्या. तिथे शील्ड्सचा खजुराचा शेक प्या, हे दुकान १९२४ पासूनचं आहे. मग १११ नंबरच्या रस्त्याने पूर्व किनाऱ्याने खाली उतरा.

वाटेत मुलांना हे जरूर सांगा. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदी कालवा फोडून या खोलगट भागात शिरली आणि १९०७ पर्यंत येत राहिली. पुढे शेतांतून निथळणाऱ्या पाण्यावर तळं टिकलं. २००३ च्या करारात शेतीच्या वाट्याचं पाणी सॅन दिएगोकडे वळलं. भरपाई म्हणून तळ्यात सोडलं जाणारं पाणीही २०१७ अखेर थांबलं. आम्ही सॅन दिएगोत राहतो, आमच्या नळाला त्यातलंही पाणी येतं. म्हणून ही जागा मला नुसती फोटो काढण्यापुरती वाटत नाही.

पूर्व किनाऱ्यावरचं बॉम्बे बीच हे छोटं गाव समुद्रसपाटीच्या सुमारे ६८ मीटर खाली आहे. इथे बंद बूट हवेतच, कारण पायाखाली वाळूबरोबर बार्नॅकलची (खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या जलचरांची) कवचं आणि माशांचे काटे असतात. पांढरा, कडक दिसणारा थर फसवा असतो, खाली चिखल असतो. गाडी त्यावर अजिबात घालू नका. पाणी महासागराच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. त्यात उतरू नका, कुत्र्यालाही सोडू नका. किनाऱ्यावरची कलाकामं निवांत बघा, पण पडक्या घरांच्या शेजारी माणसं राहतात. तीच धूळ ती रोज श्वासात घेतात. कुणाच्या अंगणात कॅमेरा रोखू नका. जेवायला स्की इनमध्ये बसा, चार पैसे गावात राहतील.

नायलंडजवळ सॅल्व्हेशन माउंटन आहे. लेनर्ड नाइट यांनी १९८४ पासून माती, गवत आणि रंग यांतून हा डोंगर उभा केला. २०१४ मध्ये ते गेले. आखलेल्या वाटेबाहेर पाय ठेवू नका, माती सुटते.

दुर्बीण असेल तर दक्षिण टोकाच्या सॉनी बोनो पक्षी अभयारण्यासाठी दुपार राखून ठेवा. मासे जवळजवळ संपले, त्यामुळे मासे खाणारे पक्षी खूप कमी झालेत. पण हिवाळ्यात शेतांत पांढरे स्नो गीज उतरतात आणि बांधावर बिळात राहणारं छोटं घुबड दिसू शकतं.

परतताना ८६ नंबरने उत्तरेला या. त्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलचा (सीमा पोलिसांचा) तपासणी नाका आहे. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांचे पासपोर्ट, तुमचं ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे मूळ कागद घरी ठेवू नका, गाडीत हाताशी असू द्या.